होम लोन दुसऱ्या बँकेत नेताना घराची किंमत कमी लागली: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

वडगाव बुद्रुकला, सिंहगड रस्त्यापासून थोडं आत आमचा टू बीएचके आहे. बिल्डिंग २००८ ची. कर्ज एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं होतं: व्याज ९.६५ टक्के, शिल्लक ३७ लाख ६० हजार, बारा वर्षं बाकी. जून २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ५.५० टक्क्यांवर आला, तरी आमचा हप्ता जागचा हलेना. शेवटी एका बँकेत बॅलन्स ट्रान्सफरचा अर्ज केला. लेकीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी सोबत १० लाखांचा टॉप-अपही, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मागितला.

मी घराची किंमत ७० लाख धरून चालले होते. व्हॅल्युएशन आलं ५६ लाख.

३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. टॉप-अप असेल तर या बँकेची स्वतःची मर्यादा ७५ टक्क्यांची. ५६ चे ७५ टक्के म्हणजे ४२ लाख. जुनं कर्ज फेडून हातात उरणार ४ लाख ४० हजार. बँकेतले अधिकारी म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट आला की आमच्या हातात काही राहत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. लेकीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेले आणि रिपोर्ट बघायचाच आहे म्हणून बसून राहिले. प्रत मिळाली नाही, पण त्यांनी स्क्रीनवर दाखवला. ६१२ चौरस फूट कार्पेट, दर ९,१५०, एवढाच हिशेब होता. करारात लिहिलेली ५८ चौरस फुटांची बाल्कनी त्यात नव्हती, कारण ती आम्ही हॉलमध्ये घेतली आहे आणि फाईलमध्ये मंजूर नकाशा नसल्यामुळे व्हॅल्युअरला ती ओळखता आली नाही. पार्किंगही धरलेलं नव्हतं. शिवाय दर काढताना आमच्या मागच्या गल्लीतल्या गुंठेवारीच्या (बिनमंजुरीच्या छोट्या तुकड्यांवरच्या) इमारतींचे भाव घेतले होते. आमच्या बिल्डिंगला महापालिकेचं भोगवटापत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) आहे, पण फाईलमध्ये ते लावलंच नव्हतं.

लावणार कुठून? मूळ कागद सगळे जुन्या कंपनीकडे. माझ्याकडे कराराची झेरॉक्स आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), बस. कर्ज हलवायचा विचार असेल तर इथेच थांबून वाचा, कारण माझे पंधरा दिवस यात गेले. व्हॅल्युअरचा माणूस घरी जेमतेम वीस मिनिटं असतो. लेझर टेपने मोजतो, फोटो काढतो आणि समोर जे कागद दिसतील त्यावर लिहितो. मंजूर नकाशा, भोगवटापत्र आणि पार्किंगचं अलॉटमेंट लेटर यांच्या प्रती त्याच्या हातात पडायलाच हव्यात. मला त्या सोसायटीच्या कपाटात मिळाल्या. सेक्रेटरी काकांनी रविवारची सकाळ घालवून शोधून दिल्या, त्यांचे उपकार विसरणार नाही.

दुसरं काम केलं ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर. सर्व्हे नंबर टाकून आमच्याच बिल्डिंगमधले अलीकडचे व्यवहार शोधले. साइट मधेच अडकते, कॅप्चा चार-चारदा टाकावा लागतो, पण दोन फ्लॅटचे इंडेक्स टू मिळाले: एक ६५ लाखांचा, एक ६७. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल झाला, भाव चढले, हे मी आधी तोंडी सांगून पाहिलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. प्रॉपर्टी साइटवरच्या जाहिरातींचाही नाही, कारण त्या मागितलेल्या किमती असतात. नोंदणी झालेला व्यवहार दाखवला तेव्हाच त्यांनी पेन हातात घेतलं.

हे सगळं एका ईमेलमध्ये मुद्देसूद लिहिलं आणि फेरमूल्यांकन मागितलं. आधी नकार आला. दुसऱ्या ईमेलनंतर पॅनेलवरचा दुसरा व्हॅल्युअर पाठवायला ते तयार झाले, फी जीएसटीसह २,९५० रुपये, माझ्याच खिशातून. त्याने बाल्कनी निम्म्या दराने धरली, पार्किंगचे अडीच लाख लावले, दर ९,६०० घेतला. आकडा ६४ लाखांवर गेला. माझे ७० काही आले नाहीत, आणि आता वाटतं की ते चढेच होते. पण ६४ चे ७५ टक्के ४८ लाख, म्हणजे आमचं काम झालं.

पैसे ऑगस्टमध्ये सुटले. जुन्या कर्जापुरता हप्ता साधारण ४४,२०० वरून ४०,५०० वर आला. फ्लोटिंग दराच्या कर्जावर व्यक्तीला प्रीपेमेंट चार्ज लागत नाही, त्यामुळे जुन्या कंपनीला दंड द्यावा लागला नाही. गहाणखताचं मुद्रांक शुल्क मात्र नव्याने भरावं लागलं. लीगल आणि दोन्ही व्हॅल्युएशन धरून सगळा खर्च २६ हजारांच्या आसपास, तो सात महिन्यांत वसूल झाला. कागद जुन्या कंपनीकडून एकोणिसाव्या दिवशी सुटले. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा नियम आहे. तो मी पत्रात आधीच लिहून ठेवला होता.

नवं कर्ज रेपोला जोडलेलं आहे. डिसेंबरमध्ये रेपो ५.२५ झाला आणि पुढच्या तिमाही रीसेटला आमचा दर ७.९० वरून ७.६५ झाला, कुणाला फोनसुद्धा करावा लागला नाही. आधीच्या ठिकाणी दर कमी करून घ्यायला अर्ज आणि कन्व्हर्जन फी लागायची. तरीही टॉप-अप नको असेल तर आधी तिथेच कन्व्हर्जन विचारा. कधी कधी तेवढ्यात भागतं आणि व्हॅल्युएशनच्या वाटेला जावंच लागत नाही.

बँकेला पाचपैकी साडेतीन. दीड गुण गेला तो रिपोर्टची प्रत न देण्याबद्दल आणि पहिल्या ईमेलला दिलेल्या एका ओळीच्या नकाराबद्दल.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी याच कामासाठी अर्ज केला. मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र आता स्कॅन करून सोसायटीच्या ग्रुपवर ठेवलेत. त्यांच्या घरी व्हॅल्युअर आला तेव्हा बाल्कनीचं माप त्यांनी त्याला नकाशावरच बोट ठेवून दाखवलं.