डिजॉक्सिन: दिवाळीनंतर सुरू केलेल्या गोळीचा आत्तापर्यंतचा अनुभव

वय एकाहत्तर, मुक्काम सातारा, उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. गेल्या दिवाळीनंतर डिजॉक्सिन ही हृदयाचे ठोके आवरणारी गोळी सुरू झाली, आता गणपती येऊन गेले. बाजारात ते लॅनॉक्सिन आणि इतर काही नावांनी मिळतं. निकाल आधीच सांगून टाकतो: गोळी कामाची आहे, एक गोळी टपरीवरच्या कटिंगपेक्षा स्वस्त पडते, पण तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. घरात लक्ष ठेवायला कुणी नसेल तर डॉक्टरांना ते पहिल्याच दिवशी सांगावं.

मला का दिली ते थोडक्यात. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. शिवाय इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग घसरून ३५ टक्के. नुसतं पेपर वाचत बसलो तरी ठोके १२०-१३०. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय श्वास पुरेना, संध्याकाळी पायावर मोज्यांचे वळ. ठोके कमी करणारं मेटोप्रोलॉल चालू होतं, पण बीपी आधीच शंभराच्या आत. त्याचा डोस वाढवला की उठताना डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्हाला बीपी न पाडता ठोके आवरणारं औषध हवंय," आणि चिठ्ठीवर डिजॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅम लिहिलं. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी.

या सुट्टीचं आधी हसू आलं. गोळी आहे का सरकारी कचेरी? पण त्यामागे हिशेब आहे. किडनी ठीक असेल तर शरीरातलं डिजॉक्सिन निम्म्यावर यायला ३६ ते ४८ तास लागतात, म्हणजे दोन दिवस गोळी नाही घेतली तरी अंगात ती असतेच, फक्त आठवड्याचा एकूण डोस कमी होतो. आपल्याकडचे जुने डॉक्टर असा पाच दिवसांचा डोस बऱ्याचदा देतात. नवे लोक रोज अर्धी गोळी देणं पसंत करतात. पूर्ण परिणाम दिसायलाही त्याच कारणाने आठवडाभर जातो. पहिल्या दोन दिवसांत काही फरक नाही म्हणून गोळी वाढवून मागायला जाऊ नये.

आठवडा उलटल्यावर मात्र फरक पडला. बसल्या जागी ठोके ८०च्या आसपास आले आणि मी एका उशीवर झोपायला लागलो. लघवीची गोळी, लॅसिक्स, त्याच्या आधीपासून होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या डिजॉक्सिनला देत नाही. पण छातीतली ती सततची धडधड थांबली ती याच गोळीने.

चढावर गोष्ट वेगळी. अजिंक्यताऱ्याच्या बाजूला थोडं चढून गेलो की ठोके पुन्हा पळतात. हे गोळीचं अपयश नाही, तिचा स्वभाव आहे. डिजॉक्सिन व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा जोर वाढवतं, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली येणारे विजेचे संदेश मधल्या एव्ही नोडपाशी अडतात. आनेवाडीच्या टोलनाक्यावर काही खिडक्या बंद केल्यावर होतं तसं: मागे गर्दी तेवढीच, पुढे सुटणाऱ्या गाड्या कमी. माणूस चालायला, चढायला लागला की व्हेगसचा जोर शरीर स्वतःच काढून घेतं, म्हणून गोळीचा धाक आरामात जास्त आणि श्रमात कमी.

दुसरं काम पंपाचं. आमचा जन्म पंप आणि व्हॉल्व्ह उघडण्यात गेला, त्यामुळे हे मी डॉक्टरांकडून दोनदा समजून घेतलं. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक सूक्ष्म पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डिजॉक्सिन या पंपाला थोडं जाम करतं. पेशीत सोडियम किंचित साठतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकणारी शेजारची यंत्रणा मंदावते, आत कॅल्शियम जास्त राहतं आणि पुढचं आकुंचन जोरात होतं. आता खरी मेख: पंपावर डिजॉक्सिन आणि पोटॅशियम एकमेकांच्या आड येतात. रक्तातलं पोटॅशियम घसरलं की डिजॉक्सिनला मोकळं रान मिळतं आणि तीच गोळी, तोच डोस, विषासारखा वागू शकतो. आणि पोटॅशियम घसरवणारी लॅसिक्स आमच्यासारख्यांच्या डब्यात शेजारच्याच खणात असते.

गोळी काय करत नाही, तेही माहीत हवं. ती ठोके नियमित करत नाही, फक्त त्यांची संख्या आवरते. रक्ताची गुठळीही ती रोखत नाही, त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी वेगळी आणि ती चुकवायची नाही. आयुष्य वाढवते म्हणावं, तर १९९७ साली जाहीर झालेल्या डीआयजी नावाच्या मोठ्या चाचणीत, ६,८०० रुग्णांत, मृत्यूचं प्रमाण डिजॉक्सिनने कमी झालं नाही. हॉस्पिटलमध्ये भरती होण्याची वेळ मात्र कमी आली. मला हा सौदा मंजूर आहे. भरती व्हायचा किती कंटाळा येतो ते भरती झालेल्यालाच कळतं.

नाडी मोजायची पद्धत. सकाळी गोळीच्या आधी पाच मिनिटं शांत बसतो, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवतो आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण मिनिट मोजतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं आमच्यासारख्यांना चालत नाही, ठोके वेडेवाकडे असल्याने दर वेळी वेगळंच उत्तर येतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर आमच्याकडे लॉटरीचे आकडे दाखवतो. शिवाय काही ठोके इतके अशक्त असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून तपासणीत डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजतात. मला सांगितलेला नियम असा: ६०च्या खाली असेल तर गोळी घ्यायची नाही, फोन करायचा.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली, जी माहितीपत्रकात सहसा कुणी वाचत नाही. महिनोन्महिने वेडीवाकडी असलेली नाडी एखाद्या सकाळी एकदम संथ आणि घड्याळासारखी नियमित लागली, तर पेढे वाटायचे नाहीत, तडक ईसीजी काढायचा. डिजॉक्सिन जास्त झालं की वरचा संदेश पूर्ण अडतो आणि खालचं हृदय स्वतःच्या तालावर चालायला लागतं. बाहेरून ते सुधारल्यासारखं दिसतं.

आता पावसाळ्यातला प्रसंग. जुलैत मला जुलाब झाले. दोन-तीन दिवसांत थांबले, पण जेवणावरची वासना उडाली ती उडालीच. भाकरीचा वास आला की मळमळायचं. घरात प्रत्येकाकडे कारण तयार: पोट बिघडलंय, हवा दमट आहे, वय झालं. हिनेच पहिल्यांदा शंका घेतली, कारण सुरुवातीला डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की या गोळीचा पहिला निरोप बहुतेक वेळा पोटाकडून येतो. नाडी ५४ लागली. त्या दिवशीची गोळी हिने डब्यातून काढून घेतली आणि फोन लावला.

किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२वरून १.९वर गेलेलं, पोटॅशियम ३.१, आणि डिजॉक्सिनची रक्तातली पातळी २.३. माझ्यासारख्या अशक्त हृदयाला पातळी साधारण ०.५ ते ०.९ एवढीच पुरते, २च्या वर विषबाधेची भीती. डिजॉक्सिन मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, किडनी मंदावली, गोळी साठत गेली, आणि त्यात जुलाब आणि लॅसिक्सने मिळून पोटॅशियम ओढून नेलं. म्हणजे डोस एका कणानेही वाढला नव्हता आणि तरी डोस जास्त झाला होता. मला भरती करून मॉनिटरवर ठेवलं, पोटॅशियम भरून काढलं, गोळी थांबवली. घरी आल्यावर काही दिवसांनी अर्धी सुरू केली. तिसऱ्या दिवशी शिरा मागून खाल्ला तेव्हा हिचा जीव भांड्यात पडला.

मला पिवळं-हिरवं दिसलं नाही, दिव्यांभोवती वलयंही दिसली नाहीत. ती लक्षणं खरी आहेत, पण त्यांची वाट बघत बसू नये. म्हाताऱ्या माणसात गोंधळल्यासारखं बोलणं, सुस्ती, हेही याचं लक्षण असू शकतं. पण माझ्या मते घरच्यांनी सगळ्यात आधी ताटाकडे बघावं, कारण म्हाताऱ्याची भूक गेली की दोष द्यायला दहा कारणं हाताशी असतात आणि गोळीचं नाव अकरावं येतं.

पातळी तपासायला रक्त कधी द्यायचं हेही महत्त्वाचं. गोळी घेतल्यावर किमान सहा तास तरी जाऊ द्यायचे. त्याआधी घेतलेल्या रक्तात पातळी उगाच जास्त दिसते. मी सरळ सकाळच्या गोळीआधी देतो. लॅबवाल्या पोराला हे माहीत असेलच असं धरून चालू नका. ईसीजीतही डिजॉक्सिनमुळे रेघ खाली झोल खाल्ल्यासारखी, उलट्या टिकमार्कसारखी दिसते. ती गोळी चालू असल्याची खूण आहे, विषबाधेची नव्हे. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना ईसीजी दाखवताना गोळीचं नाव आधी सांगावं.

ही गोळी झाडापासून येते, हे कळल्यावर गल्लीत माझी चेष्टा झाली. "मग काय, आयुर्वेदिकच की. साइड इफेक्ट नाही." झाड खरंच आहे, फॉक्सग्लोव्ह म्हणजे डिजिटॅलिस, थंड हवेतलं. आपल्या अंगणात येत नाही, काश्मीरकडे त्याची लागवड झालेली आहे. इंग्लंडातल्या श्रॉपशरमध्ये अंगावर सूज येणाऱ्यांना एक म्हातारी वीसेक झाडपाल्यांचा काढा द्यायची. तो विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने तपासला, त्यातलं काम करणारं झाड ओळखलं आणि दहा वर्षं रुग्णांवर नोंदी ठेवून १७८५ साली पुस्तक छापलं. त्याने डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं की लघवी, पोट, नाडी किंवा शौच, यांपैकी कशावरही परिणाम दिसला की औषध थांबवा. जुलैत आमच्या घरी जे झालं ते याच यादीत बसतं. पाल्याची भुकटी दर वेळी कमी-जास्त तीव्र निघायची. १९३० साली सिडनी स्मिथने लोकरी पानाच्या डिजिटॅलिसमधून शुद्ध डिजॉक्सिन वेगळं केलं आणि मोजून मिलिग्रॅममध्ये देता येऊ लागलं. आजही ते त्याच पानांतून काढतात.

आणि झाडाचं म्हणाल तर आपल्या कुंपणावरची कण्हेर, पिवळी बिट्टी आणि मारुतीला शनिवारी जिची माळ घालतो ती रुई, तिन्हींत याच जातीचं विष आहे, तोच पंप जाम करणारं. बिट्टीच्या बिया पोटात जाऊन माणसं दगावतात. देवाला वाहायला हरकत नाही, काढ्यात नको. ज्येष्ठमधाचंही सांगायला हवं. खोकल्याला तुकडा चघळायची मला जुनी सवय होती. तो जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतला तर पोटॅशियम उतरवतो, म्हणून डॉक्टरांनी बंद करायला लावला. पोटॅशियम कमी म्हणून आपल्या मनाने नारळपाणी आणि क्षारांची पाकिटं सुरू करणंही तितकंच चूक, कारण हृदयाच्या काही गोळ्या पोटॅशियम उलट वाढवतात.

दुसऱ्या औषधांचा त्रास याहून मोठा. थंडीत खोकल्यासाठी एका ठिकाणी मला क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं होतं. आमच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून विचारलं, "काका, ती हार्टची छोटी गोळी चालू आहे ना अजून?" आणि औषध न देता डॉक्टरांना फोन करायला लावला. हे अँटिबायोटिक डिजॉक्सिनची पातळी वाढवतं. एरिथ्रोमायसिन, अमायोडेरॉन, व्हेरापामिल, बुरशीवरचं इट्राकोनाझोल हेही त्याच पंक्तीतले. अमायोडेरॉन सुरू करताना डिजॉक्सिन साधारण निम्मं करतात. ॲसिडिटीचं पातळ औषध उलट ते शोषू देत नाही, म्हणून दोन्हींत अंतर ठेवावं. तेव्हापासून पाकिटात सगळ्या गोळ्यांची यादी ठेवतो, दाताच्या डॉक्टरकडे गेलो तरी आधी तीच पुढे करतो.

एखादी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंदही करायची नाही, धाप परत येऊ शकते. नातवंडं येतात तेव्हा डबा कपाटात वर जातो, कारण गोळी साखरेच्या दाण्यांएवढीच गोड दिसते आणि लहान पोराला थोडीही भारी पडते.

तक्रार एकच आहे, अर्ध्या गोळीची. पाव मिलिग्रॅमची गोळी मुळात इवलीशी, हाताने मोडली तर एक तुकडा मोठा आणि एक बारीक, बाकीचा भुगा. इथे थोडं इकडेतिकडे झालं तर फरक पडतो. शेवटी मेडिकलमधून गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी आणली, तिने बऱ्यापैकी सारखे तुकडे होतात. आमच्या दुकानात ०.१२५ची तयार गोळी ठेवत नाहीत, मागवून देतो म्हणालाय. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन जागेवर आलेलं असेल तर डोस हाच राहील, नाहीतर डॉक्टर आणखी कमी करतील.