सीपॅप मशीन: सात महिने वापरल्यावर, आणि अकरा दिवस ते घरात नसताना

झोपेत ज्यांचा श्वास थांबतो त्यांना नळी आणि मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन म्हणजे सीपॅप; माझं ऑटो, म्हणजे दाब आपोआप कमी-जास्त करणारं. मास्क किती प्रकारचे वगैरे सोडतो. मला लिहायचंय ते नळीतल्या पाण्याबद्दल.

माझं घर बेळगावजवळच्या खानापूरला, कौलारू. नोव्हेंबरअखेर मशीन घेतलं आणि डिसेंबरात थंडी पडली. रात्री तीनला नळीत गुळगुळ आवाज, आणि नाकावर गार पाण्याची धार. दचकून मास्क ओढून काढायचो, मग झोप उडालीच. ह्युमिडिफायरमधली (हवा ओली करणाऱ्या पाण्याच्या टाकीतली) ऊबदार ओली हवा गार नळीत आली की तिचं पाणी होतं, एवढं साधं कारण. पण ४८,००० रुपये घेताना दुकानदारानं ते सांगितलं नाही. आतून गरम होणारी नळी वेगळी मिळते, हेही नाही. मशीनवरचं आर्द्रतेचं सेटिंग ५ वरून २ वर आणलं तर घसा कोरडा पडायला लागला. तेव्हा विचारलं असतं तर मी 'घेऊ नका' म्हणालो असतो.

आज तसं म्हणणार नाही. बायकोनं जुन्या लोकरी शालीचं लांब कव्हर शिवून नळीवर चढवलं. मशीन टेबलावरून काढून पलंगापेक्षा खाली, पाटावर ठेवलं, म्हणजे साचलंच तर पाणी तोंडाकडं न येता मागं जातं. आर्द्रता ४ वर. गुळगुळ थांबली. खर्च शून्य.

खरं तर हा आजारही, स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास थांबणं, तिनंच ओळखला. वर्षभर सांगत होती, "तुम्ही घोरता घोरता एकदम गप्प होता, आणि मग गुदमरल्यासारखं करून श्वास घेता." घोरणं म्हणजे गाढ झोप, असं मी धरून चाललो होतो. सकाळी डोकं जड, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, दोन गोळ्या घेऊनही बीपी चढलेलं. शुगर तपासली, प्रोस्टेट तपासलं, पण घोरता का, हे कुणी विचारलं नाही. शेवटी तिनं मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्यात छाती हलतेय, पोट हलतेय, पण आवाज नाही, श्वास नाही, चाळीस सेकंद. बेळगावच्या डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि घरी करायची झोपेची तपासणी लिहून दिली. रिपोर्टमध्ये एएचआय ३८, म्हणजे तासाला अडतीस वेळा श्वास थांबणं किंवा अर्धवट होणं. ३० च्या वर गेलं की तीव्र धरतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू जागं करतो, आणि हे रात्रभर. मशीन हवेच्या दाबानं ती वाट उघडी ठेवतं. घरात कुणी असं गप्प होत असेल तर त्याला उठवून भांडू नका, व्हिडिओ काढा.

जूनमध्ये पावसाला सुरुवात झाली, लाईट येऊन-जाऊन करायला लागली, आणि एका रात्री मशीन बंद पडलं. दुकानदार म्हणाला, "आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही," आणि ९,००० मागितले. मी मशीन उघडायला दिलं नाही. बिल, वॉरंटी कार्ड आणि पाटावर ठेवलेल्या मशीनचा फोटो जोडून कंपनीकडं लेखी तक्रार केली, तक्रार नंबर घेतला. बिघाड पॉवर सप्लायचा निघाला, मशीनला काही झालं नव्हतं. एक पैसा न देता बदलून मिळालं, पण अकरा दिवस गेले.

त्या अकरा दिवसांनी माझं मत पक्कं झालं. पहिल्याच रात्री बायको परत जागी. माझ्या पाठीशी उशा लावून मला कुशीवर ठेवायची, कारण उताणं झोपलो की श्वास जास्त थांबतो. पाचव्या दिवशी बेळगावहून परतताना बसमध्ये डोळा लागला. उतरायचं खानापूरला, जाग आली पुढच्या गुंजीला. मी अधूनमधून याच रस्त्यानं मोटरसायकल चालवतो. त्या दिवशी चालवत असतो तर, हे आजही मनातून जात नाही.

मास्कची गादी रोज साबणाच्या पाण्यात धुवा, टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला, विहिरीचं नको. तळाशी पांढरा थर धरतो. लाईट नसेल तेव्हा ह्युमिडिफायर बंद केला की इन्व्हर्टर रात्रभर पुरतो.

शालीचं कव्हर पावसात वाळायला दोन दिवस घेतं. बायकोनं दुसरं शिवायला घेतलंय.