कोल्हापुरातला जुन्या ल्युकेमिया पेशंटांचा गट: पाचपैकी चार, एक कुठं कापला तेही सांगतो

उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. मायक्रोमीटर लावल्याशिवाय माल ताब्यात घ्यायचा नाही, ही हाताची सवय. हे लिहितानाही तीच लावलीय.

ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचे, उपचार घेतलेली माणसं नव्या पेशंटांसाठी कोल्हापुरात एक गट चालवतात. पाटी नाही, ट्रस्ट नाही, फी नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळी राजारामपुरीत एका सभासदाच्या गच्चीवर बसतात. गच्ची अशासाठी, की बंद खोलीत खोकला फिरतो आणि यातल्या निम्म्यांना तो परवडत नाही. बाकी सगळा कारभार फोनवर. आम्हाला नंबर हॉस्पिटलच्या डे-केअरमधल्या सिस्टरनं दिला, तुम्हीही तिथंच विचारा.

मला सीएमएल, म्हणजे रेंगाळत चालणारा प्रकार. पोटात डावीकडं जड वाटतंय म्हणून तपासलं तर प्लीहा सुजलेली आणि पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. ज्या दिवशी कळलं त्याच संध्याकाळी गटातल्या, कागलच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. धीर धरा, देवावर भरवसा ठेवा, असलं काही नाही. पहिलाच प्रश्न, "जेवलासा काय?" दुसरा, "गोळी जेवणानंतर घेताय का उपाशीपोटी?" इमॅटिनिब, म्हणजे सीएमएलची ही रोजची गोळी, भरल्या पोटी आणि मोठा ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची असते, नाहीतर मळमळ पाठ सोडत नाही. हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं म्हणे. आम्ही नवरा-बायको तेव्हा 'कॅन्सर' या शब्दाच्या पुढचं काही ऐकण्याच्या अवस्थेतच नव्हतो.

मास्तरांची खरी किंमत पुढं कळली. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली पिशव्या येतात, रात्री पोटरीत गोळे येतात. ते म्हणाले, "आरशात बघून घाबरू नका, मलाबी येतात. डॉक्टरांच्या कानावर घाला, पण आपल्या मनानं गोळी थांबवायची नाही." नवरात्रात कडक उपास धरणाऱ्या माझ्या आईलाही त्यांनीच फोनवर समजावलं, की मुलगा यंदा नऊ दिवस जेवणार आहे. मी सांगितलं असतं तर घरात रामायण झालं असतं.

आणि रिपोर्ट. बीसीआर-एबीएल नावाची, आजार किती उरलाय ते मोजणारी तपासणी तीन-तीन महिन्यांनी करायची असते आणि त्यात टक्केवारी येते. मास्तरांनी वहीत ओळ आखून दाखवली: तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी १ च्या आत, वर्षानं ०.१ च्या आत आलं तर गाडी रुळावर. लेथवाल्याला हे लगेच कळतं. शाफ्ट एका फेरीत मापात येत नाही, थोडं थोडं कातत, मोजत जायचं. दर वेळी त्याच लॅबमध्ये तपासा, हेही त्यांनीच सांगितलं, कारण लॅब बदलली की आकडा हलतो आणि विनाकारण झोप उडते.

मास्तरांना हे सगळं कुठून आलं ते विचारलं. ते मुंबईला 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स'च्या बैठकांना जायचे. मॅक्स नावाचा एक मुलगा सीएमएलनं गेला, त्याच्या घरच्यांनी १९९७ साली अमेरिकेत 'द मॅक्स फाउंडेशन' काढलं, त्याच कामाची ही भारतातली शाखा. मूळ ब्रँडची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची त्या काळात मास्तरांना ती याच फाउंडेशनमार्फत फुकट मिळाली. पुढं १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिस या मूळ ब्रँडवाल्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांवरची टांगती तलवार गेली. मी आज जी पट्टी फोडतो ती त्यातलीच. मास्तर हे सांगताना शाळेत तास घेतल्यासारखे उभे राहतात.

इथपर्यंत पाचपैकी पाच.

आता कापलेला गुण. गच्चीवर सगळ्या प्रकारचे ल्युकेमियावाले एकत्र बसवतात. एका रविवारी गडहिंग्लजकडच्या एक ताई आल्या, एकोणीस वर्षांच्या मुलाला नुकताच एएलएल, म्हणजे तीव्र, झपाट्यानं वाढणारा प्रकार, निघालेला. ओळख करून देताना आमच्यातलेच एक सीएमएलवाले काका मोठ्या तोंडानं म्हणाले, "काय न्हाई हो, रोज एक गोळी, मी तर दहा वर्षं शेती बघतोय." ताईंच्या चेहऱ्यावर आधी आशा आली आणि मग काय आलं ते लिहिता येत नाही, कारण त्यांच्या मुलाला गोळी नव्हती, केमो होती. एएलएलला पहिले काही महिने जोराचे उपचार, मणक्यातून औषध, मग देखभालीचा टप्पा, सगळं धरून दोन-अडीच वर्षं किंवा जास्त. नाव एकच, दुखणी दोन. काकांचा हेतू चांगलाच होता, पण ताई चहा तसाच ठेवून उठायला लागल्या.

त्यांना थांबवलं ते कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं. तिचे एएलएलचे उपचार पूर्ण झालेत. तिनं ताईंना पाण्याच्या टाकीमागं सावलीत नेलं आणि मांडी घालून बसली. मी जवळच खुर्च्या लावत होतो, म्हणून ऐकू आलं. लाल औषध चढवलं की लघवी लाल होते, ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. स्टेरॉइडच्या दिवसांत मुलगा रात्री तीन वाजता मिसळ मागेल आणि नाही म्हटलं तर ताट फेकेल, तो तसा नाही, औषध तसं आहे. घरात थर्मामीटर दोन ठेवा, एकाचा सेल नेमका रात्री जातो. १००.४ ताप दिसला तर सकाळची वाट बघायची नाही, घरच्या घरी तापाची गोळी देऊन आकडा उतरवायचा नाही, सरळ हॉस्पिटल. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप म्हणजे तासांचा खेळ असतो. आणि कुणी प्रेमानं गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आणलं तर हात जोडायचे. "ताकद येते म्हणून माझ्या आजोबांनी कासंडीच आणली होती," ती म्हणाली, "आईनं दारातनं परत पाठवली, आजोबा आठवडाभर बोलले नाहीत."

ताई औषधाच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "केस परत आले ते असेच आले का?" पोरीनं ओढणी सारून डोकं पुढं केलं. "आधी सरळ होते, आता कुरळे. हात लावून बघा की."

म्हणून नव्या माणसाला माझं सांगणं: गटाला फोन कराल तेव्हा 'ल्युकेमिया आहे' एवढ्यावर थांबू नका. रिपोर्टवरचा प्रकार वाचून दाखवा आणि त्याच प्रकारातून गेलेला माणूस मागा. एएमएलवाल्याला (हा आणखी एक तीव्र प्रकार) एएमएलवाला, पोराच्या आईला पोराची आई. वेगळ्या बैठका घ्या असं मी दोनदा सुचवलंय. उत्तर येतं, "माणसंच कमी आहेत." ते खरंही आहे. तीव्र प्रकारातले बरे झालेले लोक गटात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

याच्याच पोटात दुसरी गोष्ट आहे. गच्चीवर जे दिसतात ते सगळे वाचलेले. जे गेले ते येत नाहीत. मागं एका जुन्या सभासदाचा आजार उलटला आणि तो गेला, तेव्हा व्हॉट्सॲपवर दोन-तीन दिवस सगळे गप्प. नव्यांना कुणी काही सांगितलं नाही, त्यांना बाहेरून कळलं. सांगायला हवं होतं.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, कुठली कुठली चूर्णं तिथंही येतात. ॲडमिन उडवतात, पण सावकाश. डोसाबद्दल मात्र कुणी तोंड उघडत नाही. "ते डॉक्टरला" एवढंच. हा नियम मी कुणालाच मोडताना पाहिलेला नाही.

प्लेटलेटच्या कामात या गटाला तोड नाही. मशीनवर काढलेल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, साठा करून ठेवता येत नाही, आणि दात्याला दीड-दोन तास बसावं लागतं. गटाकडं पेठांतल्या तालमींच्या पोरांची यादी आहे, रक्तगटासकट. फुटबॉलच्या मैदानात एकमेकांच्या अंगावर जाणारी पोरं इथं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसतात. पुढं बोन मॅरो ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर सख्ख्या भावंडांचं रक्त आधी घेऊ नये, ही गोष्टही यादी सांभाळणारा माणूस स्वतःहून सांगतो आणि डॉक्टरांना विचारून घ्यायला लावतो.

मुंबई गाठावी लागली तर कुणी ना कुणी परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाऊन आलेला असतोच. महालक्ष्मी एक्स्प्रेस, दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, कुठली कागदं वर ठेवायची, सगळं तोंडपाठ. सरकारी योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते पहिल्याच दिवशी बघायला सांगतात. आमच्या घरात एकावर 'बापू' होतं.

गच्चीवर लिफ्ट नाही, दोन जिने आहेत. हिमोग्लोबिन कमी असेल तर नातेवाइकाला पाठवा, पेशंटशी ते फोनवर बोलतात. मास्क लावून जा. रिपोर्टची झेरॉक्स न्या, मूळ कागद घरीच ठेवा. आणि मास्तरांना दुपारी दोन ते चार फोन करू नका, झोपतात.