ट्रक कॅम्परवर जादा इंधन: कॅन कुठला, आणि ठेवायचा कुठे?

जादा इंधन न्यायचं म्हटलं की बोलणं थेट डब्यांवर येतं: लोखंडी की प्लास्टिकचा, दहा लिटरचा की वीसचा. खरं तर डबा निवडणं सोपं आहे, जागा निवडणं अवघड. साध्या पिकअपला मागे उघडा हौदा असतो. त्यात कॅन उभे करून बांधले की काम झालं. त्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली खोली, बसला की उरतात फक्त गैरसोयीच्या जागा: छत, मागची बाजू, कॅम्परची भिंत आणि हौद्याच्या कडेच्या फटी. म्हणून आधी जागा ठरवा आणि मग तिथे काय बसतं ते बघा.

त्याही आधी थोडा हिशेब. समजा टाकी ८० लिटरची आहे आणि कॅम्पर लादल्यावर गाडी लिटरला ६.५ किमी देते. तळातले ८ लिटर धरायचे नाहीत. उरलेल्या ७२ लिटरमध्ये ४६८ किमी होतात. दोन पंपांमधलं सगळ्यात मोठं अंतर ३५० किमी असेल, तर ३० टक्के जादा धरूनही ४५५ किमी होतात, म्हणजे कॅनची गरजच नाही. पण त्यातले १०० किमी वाळूचे असतील आणि तिथे गाडी लिटरला ४ किमीवर येत असेल, तर वाळूला २५ लिटर आणि उरलेल्या २५० किमीला साधारण ३८.५ लिटर लागतील. एकूण ६३.५, त्यावर ३० टक्के धरले की साडेब्याऐंशी. कमी पडले साडेदहा लिटर. म्हणजे एक चपटा कॅन पुरतो, छतावर चार जेरीकॅनची रांग लावायची गरज नाही. बरेच जण हा हिशेब करत नाहीत आणि वर्षभर रिकामे कॅन फिरवत राहतात.

पेट्रोल आणि डिझेलला एकच नियम लावू नका

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. डिझेलला त्यासाठी साधारण ५५ अंशांपर्यंत तापावं लागतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही, खाली उतरते आणि खोलगट जागी साचते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. कॅम्परमध्ये ठिणगीची आणि ज्योतीची साधनं भरपूर असतात: गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ज्योत, गरम पाण्याचा गॅस गीझर, हीटर, पाण्याच्या पंपाचा स्विच. म्हणून पेट्रोलचा कॅन कॅम्परच्या आत, जनरेटरच्या कप्प्यात किंवा गॅस सिलिंडरच्या कप्प्यात कधीच ठेवायचा नाही. रिकामा असला तरी नाही. रिकाम्या कॅनमध्ये द्रव नसतो, पण वाफ असतेच.

डिझेलचा त्रास वेगळा आहे. ते सहसा भडकत नाही, पण तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं तर पेट घेऊ शकतं. शिवाय ते झाकणाच्या रबरातून झिरपतं आणि त्याचा वास गादीपर्यंत पोहोचला की महिनोन्महिने जात नाही. पाणी शिरलं तर त्यात जंतू वाढून फिल्टर चोंदतो.

जागांची तुलना

छत मोकळं दिसतं, म्हणून मोह तिथलाच होतो. पण भरलेला २० लिटरचा लोखंडी जेरीकॅन पेट्रोलचा असेल तर १९ किलो भरतो आणि डिझेलचा असेल तर २१. कॅम्परची गाडी आधीच डोक्याकडून जड असते. त्यात तीन मीटर उंचीवर ४० किलो चढले की वळणावर झोल वाढतो. शिडीवर उभं राहून एका हाताने तो कॅन उतरवणं हा स्वतंत्र धोका आहे. दिवसभर ऊन लागून कॅन फुगतात आणि गळती झालीच तर जड वाफ छताच्या खिडकीतून सरळ झोपायच्या जागेत उतरते. रिकामे कॅन छतावर चालतील, भरलेले नकोत.

मागची बाजू जास्त लोक निवडतात आणि बहुतेकांसाठी ती बरोबरही असते. तिथे दोन गोष्टी मात्र तपासून घ्याव्या लागतात. पहिली वजनाची. दोन भरलेले कॅन आणि त्यांचं लोखंडी कॅरियर मिळून ८० किलो धरा. ते मागच्या एक्सलच्या २ मीटर मागे टांगलं आणि पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर ३.६ मीटर असेल, तर पुढच्या एक्सलवरचं वजन ४४ किलोंनी घटतं आणि मागच्यावर ८० नाही, १२४ किलो वाढतात. कॅम्परमुळे मागचा एक्सल आधीच मर्यादेच्या जवळ असतो. म्हणून वजनकाट्यावर गाडी पूर्ण भरून, माणसं बसवून, प्रत्येक एक्सल वेगळा मोजून घ्या. कॅम्पर बंपरच्या मागे आलेला असेल तर कॅरियर ज्यावर बसतं त्या हिचला (ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीला) लांबवणारी नळी लावावी लागते. तशी नळी लावली की हिचची मूळ क्षमता बरीच कमी होते, आणि हा आकडा नळी बनवणाऱ्याच्या कागदावर असतो, हिचवरच्या पट्टीवर नसतो.

दुसरी गोष्ट दाराची. ट्रक कॅम्परचं दार बहुधा मागेच असतं आणि ते एकच असतं. कॅन बरोबर दाराखाली बांधले तर आग लागल्यावर बाहेर पडायची वाटच आगीतून जाते. कॅरियर चासीला पक्कं केलेलं आणि बाजूला उघडणारं घ्या. कॅन दाराच्या विरुद्ध कोपऱ्यात आणि सायलेन्सरच्या तोंडाच्या उलट बाजूला बांधा. मुक्कामाला पोहोचेपर्यंत मुख्य टाकीत बहुधा २०-४० लिटरची जागा झालेली असते. झोपण्याआधी कॅन टाकीत ओतून टाका, मग रात्री भरलेला कॅन दाराशी राहत नाही. मागून धडक बसली तर कॅन आधी चेपणार, हा धोका कुठल्याही कॅरियरने जात नाही.

कॅम्परच्या भिंतीवर चपटा कॅन छान दिसतो. पण पुष्कळ कॅम्परची भिंत म्हणजे फोमवर चिकटवलेला फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. नुसत्या स्क्रूवर टांगलेले १० किलो खड्ड्यांच्या रस्त्यावर काही दिवसांत पत्रा फाडतात. आरपार बोल्ट, आतून रुंद पट्टी आणि भोकाला सीलंट एवढं करता येत नसेल, तर भिंत सोडून द्या. फ्रिजच्या जाळीच्या किंवा गीझरच्या तोंडाच्या वर, खाली, शेजारी पेट्रोल लावायचंच नाही.

हौद्याची कड आणि कॅम्पर यांच्यामधली फट, किंवा हौद्याची पुढची भिंत आणि कॅम्पर यांच्यातली पोकळी, वजनाच्या दृष्टीने सगळ्यात चांगली. भार मागच्या एक्सलच्या पुढे आणि खाली राहतो. पण तिथे हवा खेळत नाही आणि गळती दिसत नाही. पेट्रोलला ही जागा बाद. डिझेलची घट्ट बसवलेली टाकी मात्र इथे उत्तम बसते, फक्त कॅम्पर हौद्यापेक्षा थोडा आखूड हवा.

पुढच्या बंपरबद्दल फार बोलायला नको. धडक पहिल्यांदा तिथेच बसते आणि रेडिएटरची हवाही अडते.

लोखंडी, प्लास्टिक, चपटा की पिशवी

लोखंडी २० लिटरचा जेरीकॅन १९३० च्या दशकाच्या शेवटी जर्मन सैन्यासाठी तयार झाला आणि त्याचा आराखडा आजही फारसा बदललेला नाही. वरच्या कुबडात हवेची पोकळी राहते. इंधन तापून फुगलं की त्याला तिथे जागा मिळते, म्हणून तो फुगवटा भरेपर्यंत कॅन भरायचा नसतो. खटक्याने बंद होणारं झाकण स्क्रूच्या झाकणापेक्षा जास्त भरवशाचं, कारण ते धक्क्यांनी सैल होत नाही. बिघाड दोन ठिकाणी होतो. झाकणाचं रबर कडक होऊन भेगाळतं, तेव्हा सुटं रबर जवळ ठेवा. आणि कॅन लोखंडी ट्रेमध्ये पत्र्यावर पत्रा घासत राहिला तर तळाला सुईएवढं भोक पडतं. ट्रेमध्ये जाड रबर घाला, पट्टा घट्ट आवळा. आतला रंग सुटतोय का ते वर्षातून एकदा टॉर्चने बघा. सुटलेला रंग इंजेक्टरपर्यंत जातो.

जाड प्लास्टिकचा कॅन हलका असतो, गंजत नाही, पडला तर चेपून परत सरळ होतो. पण त्याच्या भिंतीतून पेट्रोलची थोडी वाफ सतत बाहेर झिरपते आणि ऊन त्याला ठिसूळ करतं. खरेदी करताना तळावरचे किंवा बाजूवरचे ठसे वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या खुणेत ३एच१ म्हणजे बंद डोक्याचा प्लास्टिकचा जेरीकॅन, ३ए१ म्हणजे तसाच पोलादी. पुढचं अक्षर पेट्रोलसाठी एक्स किंवा वाय हवं. झेड असेल तर तो डिझेलसारख्या कमी धोक्याच्या द्रवासाठीच. घड्याळासारख्या गोलात बनवल्याचा महिना असतो. धोकादायक मालाच्या वाहतुकीत अशा प्लास्टिकच्या कॅनला त्या तारखेपासून पाच वर्षांची मुदत असते. खासगी वापरालाही तीच मुदत धरलेली बरी. पाण्याचा कॅन इंधनाला वापरणं म्हणजे वेडेपणा आहे, आणि तरीही लोक तो करतात.

चपट्या कॅनचा नमुना म्हणजे रोटोपॅक्स या ब्रँडचा कॅन. मधल्या भोकातून एक बोल्ट, वर फिरवायची मूठ, आणि सगळा भार त्या एका बोल्टच्या पट्टीवर. ११.४ लिटरचा कॅन घेतला तर वरच्या हिशेबातले साडेदहा लिटर त्यात बसतात, ७.६ लिटरच्यात नाही. लिटरमागे किंमत सगळ्यात जास्त, पण उचलायला हलका आणि अरुंद जागेत बसणारा.

घडीची इंधन पिशवी रिकामी झाली की गुंडाळून ठेवता येते, हा तिचा एकच मोठा फायदा. ती घासून फाटते, अर्धी भरली की आतलं इंधन हेलकावे खातं, आणि तिला सगळीकडून आधार देणारी सपाट जागा लागते. कॅम्परवाल्याकडे नेमकी तीच नसते. पुढच्या एका टप्प्यापुरती डिझेलसाठी चालेल.

मोठी मुख्य टाकी

दरवर्षी लांबच्या निर्जन वाटांवर जात असाल आणि गाडी डिझेलची असेल, तर कॅनचा नाद सोडून मूळ टाकीच्या जागी मोठी बसवा. वजन चासीच्या मध्ये, खाली आणि दोन एक्सलच्या आत राहतं. ओतणं नाही, सांडणं नाही. ५० लिटर जास्त डिझेलचे साधारण ४२ किलो होतात, टाकीचं वाढीव वजन वेगळं. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: सुटं चाक जागेवर राहतं का, काटा नव्या टाकीप्रमाणे बरोबर दाखवतो का, आणि सायलेन्सरपासून उष्णतारोधक पत्रा येतो का. तोटा असा की एका पंपावर पाणी मिसळलेलं डिझेल भरलं गेलं की सगळाच साठा खराब. दुसरी स्वतंत्र टाकी आणि मध्ये पंप असेल तर हे टळतं. फक्त ती टाकी कॅम्परवर बसवून नळी गाडीपर्यंत आणू नका, कारण कॅम्पर आणि चासी खडबडीत रस्त्यावर वेगवेगळे हलतात आणि नळी तुटते. पेट्रोलच्या गाडीत वाफ अडवणारी कोळशाची डबी असलेली यंत्रणा असते, त्यामुळे टाकी बदलणं किचकट होतं. पेट्रोलवाल्यांनी मागच्या कॅरियरवरचे एक-दोन लोखंडी कॅनच धरावेत.

भरताना आणि ओतताना

कॅन कॅरियरवर असताना भरायचा नाही, मग तो लोखंडी असो वा प्लास्टिकचा. गाडीवर, विशेषतः हौद्यातल्या प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवून भरला तर स्थिर वीज जमिनीत उतरत नाही आणि नोझलपाशी ठिणगी पडते. अशा आगी लागलेल्या आहेत. कॅन जमिनीवर ठेवा, नोझल तोंडाच्या कडेला टेकवून धरा, हळू भरा आणि ९५ टक्क्यांवर थांबा. पेट्रोल दर १० अंशांना साधारण एक टक्का फुगतं. पहाटे १५ अंशांत भरलेले २० लिटर दुपारी ४५ अंशांत ०.६ लिटरने वाढलेले असतात.

ओतण्याआधी इंजिन बंद करा. गॅस सिलिंडरची टोटी बंद करा, म्हणजे फ्रिज आणि गीझर दोन्ही विझतात. डिझेल हीटर बंद केल्यावरही काही मिनिटं गरम राहतो, तेवढं थांबा. कॅम्परची दारं-खिडक्या लावा. अग्निशामक हाताशी, पण कॅनपासून चार पावलं दूर. तापलेला प्लास्टिकचा कॅन उघडताना झाकण पाव फेरा फिरवून दाब जाऊ द्या. २० किलोचा कॅन उचलून धरण्यापेक्षा हलवून चालू होणारी सायफन नळी बरी. कॅन टाकीच्या तोंडापेक्षा वर हवा एवढंच. तोंडाने ओढायचं नाही, इंधन फुप्फुसात गेलं तर प्रकरण जिवावर बेतू शकतं.

घरून निघण्याआधी एकदा ओतून बघाच. अनेक नव्या डिझेल गाड्यांत चुकून पेट्रोल भरलं जाऊ नये म्हणून तोंडाशी एक झडप असते आणि ती फक्त डिझेलच्या रुंद नोझलने उघडते. कॅनची बारीक नळी तिथे अडते. बिनझाकणाच्या टाकीला गाडीसोबत एक प्लास्टिकचं नरसाळं मिळतं, बहुधा सुट्या चाकाजवळ किंवा हत्यारांच्या पिशवीत. ते सापडेपर्यंत कॅन निरुपयोगी असतो. डिझेलवाल्यांनी एक्झॉस्टसाठीचं युरियाचं द्रव वेगळ्या रंगाच्या आणि मोठ्या अक्षरात नाव लिहिलेल्या डब्यात ठेवावं. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर इंजिन चालू न करता टाकी उपसावी लागते.

फेरी बोटीने जायचं असेल तर आधी विचारा. बहुतेक ठिकाणी भरलेले सुटे कॅन चढवू देत नाहीत. सीमेवरही टाकीबाहेरच्या इंधनाला मर्यादा असू शकते. रांगेत लागण्याआधी कॅन टाकीत रिकामे करा आणि झाकणं घट्ट लावा.