चतकोराच्या जागी भोपळा

गेले सात महिने पुण्यात कोथरूडच्या बाजूच्या एका घरगुती स्वयंपाकघरातून आमच्याकडे दर शुक्रवारी कुत्र्यासाठी उकडून गोठवलेल्या भाजीची पाकिटे येतात. एका पाकिटात 250 ग्रॅम भाजी असते, किंमत 70 रुपये असते आणि पोचवण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. हा व्यवसाय चालवणाऱ्या बाईंचे नाव मी येथे देणार नाही, कारण पुढे एक तक्रार सांगायची आहे आणि ती एवढ्या लहान व्यवसायाला कायमची चिकटावी अशी माझी इच्छा नाही.

ही पाकिटे घ्यायची वेळ का आली, ते आधी सांगितले पाहिजे. आमचा भैरू हा पाच वर्षांचा, 29 किलो वजनाचा लॅब्राडोर. दोन वर्षे त्याचे कान सतत लाल असत, कानातून आंबूस वास येई आणि पुढचे पंजे तो इतके चाटी की बोटांमधले केस तांबूस झाले होते. हे सगळे ऋतू न पाहता बारा महिने चालू होते, आणि याच गोष्टीवरून डॉक्टरांना अन्नाच्या ॲलर्जीचा संशय आला. भैरूचे बालपण आपल्याकडच्या हजारो कुत्र्यांप्रमाणे दूध-पोळीवर आणि पुढचे आयुष्य कोंबडीच्या रश्श्यातल्या भातावर गेले होते. अन्नाची ॲलर्जी असलेल्या जवळजवळ तीनशे कुत्र्यांच्या नोंदींचा जो आढावा 2016 साली प्रसिद्ध झाला, त्यात ॲलर्जीचे कारण म्हणून गोमांस 34 टक्के, दूधदुभते 17 टक्के, कोंबडी 15 टक्के आणि गहू 13 टक्के असा क्रम होता. म्हणजे ज्या दूध-पोळीला आपण सर्वांत साधे अन्न समजतो, तिच्यातल्या दोन्ही वस्तू या पहिल्या चारांत आहेत.

रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीवर या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले आणि आम्हाला लांबचा रस्ता दाखवला. आठ आठवडे फक्त एकच अन्न द्यायचे, ज्यातली प्रथिने इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराला ती ओळखूच येत नाहीत. त्याशिवाय एक घासही नाही, आणि मांसाची चव घातलेली जंताची गोळीसुद्धा नाही. नंतर एकेक जुनी वस्तू परत द्यायची आणि प्रत्येक वेळी दोन आठवडे वाट पाहायची. होळीच्या सुमारास सुरू झालेली ही परीक्षा श्रावणात संपली. कोंबडी दिल्यावर पाचव्या दिवशी आणि पोळी दिल्यावर तिसऱ्या दिवशी खाज परतली. दूध आणि अंडे मात्र निर्दोष ठरले.

आता प्रश्न उरला चतकोराचा. आमच्या घरी जेवणाची पाने वाढली की कुत्र्याचा चतकोर आधी बाजूला निघतो, ही आईची साठ वर्षांची सवय आहे. आठ आठवडे तिने स्वतःला आवरले. पण पुढेही भैरूला जन्मभर कोरड्या गोळ्यांवर ठेवायचे आणि आपण जेवताना तो समोर बसून पाहणार, हे तिला मान्य होईना. भाज्यांची कल्पना तेथून आली. ॲलर्जी मुख्यतः प्रथिनांची असते आणि भोपळा, फरसबी, गाजर यांच्यात ती फारच थोडी असतात, त्यामुळे या भाज्या बहुतेक कुत्र्यांना सोसतात. कुत्रा हा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी प्राणीही नव्हे. पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले आहे. माणसाच्या उकिरड्याशेजारी काढलेल्या हजारो वर्षांची ती खूण आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष पाकिटांविषयी. भाज्यांचे तीन प्रकार मिळतात: लाल भोपळा व फरसबी, गाजर व दुधी, आणि रताळे व बीट. भोपळा-फरसबीचे पाकीट सर्वांत चांगले आहे. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवले की सकाळपर्यंत ते सुटते, वर थोडे पिवळसर पाणी येते आणि भोपळ्याचा गोडसर वास लागताच भैरू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. पहिल्या दोन आठवड्यांत फरसबीचे तुकडे जसे गेले तसेच बाहेर पडत होते. कुत्रा भाजी चावत नाही, गिळतो, आणि भाजीच्या पेशींच्या भिंती फोडणे त्याच्या आतड्याला जमत नाही; म्हणून भाजी मऊ शिजलेली आणि बारीक असावी लागते. हे कळवल्यावर पुढच्याच शुक्रवारी तुरीच्या दाण्याएवढी चिरलेली फरसबी आली आणि आजवर तशीच येत आहे. ग्राहकाचे इतके लगेच ऐकणारा व्यवसाय पुण्यात आहे, याची नोंद करायलाच हवी.

दुधीविषयी मला आधी धास्ती होती, कारण कडू दुधी माणसालाही विषासारखा बाधतो. येथे प्रत्येक दुधीची एक चकती स्वयंपाक करणारी बाई स्वतः चाखते आणि कडू निघाला तर तो दुधी सरळ टाकून देतात. हे मी समोर उभे राहून पाहिले आहे. गाजराच्या पाकिटाबद्दल विशेष काही सांगण्यासारखे नाही.

रताळे-बीटच्या पाकिटाबद्दल मात्र आहे. भैरूला दिवसाला साधारण 1100 कॅलरी लागतात, आणि मुख्य आहाराखेरीजचे खाणे एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत राहावे असा पशुवैद्यकातला नेहमीचा नियम आहे. भोपळा-फरसबीच्या पूर्ण पाकिटात सत्तरच्या आसपास कॅलरी असतात, त्यामुळे ते दोन वेळांत विभागून निर्धास्त देता येते. रताळ्यात 100 ग्रॅमला सुमारे 86 कॅलरी असतात, म्हणजे रताळ्याचाच भाग जास्त असलेले हे पाकीट त्या मर्यादेच्या पार पलीकडे जाते. तिन्ही पाकिटांवर मात्र ‘रोज एक पाकीट’ अशी एकच सूचना छापलेली आहे. ती वाचून पग जातीच्या एखाद्या आठ किलोच्या कुत्र्याला रोज रताळ्याचे पाकीट घालणारे घर मला डोळ्यांसमोर दिसते.

सोबत येणारा माहितीचा कागद बराच उपयुक्त आहे. घरची फोडणीची भाजी देऊ नका, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, हे त्यात ठळक लिहिले आहे. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, हेही आहे. चिंच मात्र त्या यादीत नाही. द्राक्षांतल्या ज्या आम्लावर आता मुख्य संशय आहे, ते चिंचेत भरपूर असते. ज्या घरांत आमटीभात उरला की कुत्र्याच्या ताटलीत जातो, त्यांना हे सांगणे बेदाण्यांपेक्षाही गरजेचे आहे.

त्याच कागदावर ‘ॲलर्जी मुळापासून बरी करणाऱ्या भाज्या’ असे एक वाक्य आहे आणि ते सरळ चुकीचे आहे. भैरूची खाज कोंबडी आणि गहू बंद केल्यामुळे थांबली. भोपळ्याने फक्त रिकामी झालेली जागा भरली. याहून गंभीर बाब म्हणजे हेच स्वयंपाकघर ‘संपूर्ण शाकाहारी आहार’ म्हणून भाज्या, मूगडाळ आणि तांदूळ यांचा एक मोठा डबाही विकते. तो मी एकदाही घेतला नाही. अमेरिकेत 2013 साली घरगुती श्वानाहाराच्या 200 पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता, आणि त्यांतल्या पुष्कळशा पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. नुसत्या भाज्या आणि डाळ-भाताच्या अशा डब्यात कॅल्शियम कोठून येणार, असे मी विचारले, तेव्हा ‘पालकात असते की’ असे उत्तर मिळाले. पालकातले कॅल्शियम त्यातल्याच ऑक्सलेट नावाच्या घटकाला बांधलेले असते आणि शरीराला फारसे मिळत नाही. कुत्र्याला मांसाविना वाढवता येत नाही असे मी म्हणत नाही, परंतु ते काम पशुआहारतज्ज्ञाने मोजून करायचे आहे, कुकरच्या अंदाजाने नव्हे.

आता तक्रार. गणेशोत्सवात शुक्रवारच्या पाकिटांबरोबर एक सुंदर छोटा डबा आला, त्यात कुत्र्यांसाठी केलेले पाच मोदक होते आणि ‘बाप्पाचा प्रसाद, आपल्या लाडक्यासाठी’ अशी चिठ्ठी होती. घटकांची यादी नव्हती. मी कामावर होतो. माझ्या भाच्याने मोठ्या कौतुकाने दोन मोदक भैरूला दिले. चौथ्या दिवशी पहाटे त्याच्या पंजा चाटण्याच्या आवाजाने मला जाग आली. तो ओला, एकसुरी आवाज ज्याने दोन वर्षे ऐकला आहे, त्याला दिवा लावून पाहण्याची गरज पडत नाही. उरलेले तीन मोदक फोडून पाहिले, तर पारी कणकेची निघाली. नोंदणीच्या वेळी भरून दिलेल्या अर्जावर ‘गहू नको, कोंबडी नको’ हे मी लाल शाईने लिहिले होते.

फोन केल्यावर बाईंनी एकही सबब सांगितली नाही. प्रसाद सगळ्यांना सारखाच गेला, अर्ज पाहिलेच नाहीत, असे त्या म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघर पाहायला बोलावले. मी गेलो. जागा स्वच्छ होती, भाज्या पहाटे मार्केट यार्डातून आणलेल्या होत्या. पण भाज्या बारीक करायचे यंत्र एकच होते आणि त्याच यंत्रात इतर ग्राहकांच्या पाकिटांसाठी शिजवलेली कोंबडीही वाटली जात होती. मधल्या वेळात ते गरम पाण्याने धुतात. भैरूला त्याचा त्रास झालेला नाही. तरीही ज्यांच्या कुत्र्याची आठ आठवड्यांची परीक्षा अजून चालू आहे, त्यांनी या किंवा अशा कोणत्याही स्वयंपाकघरातले काहीही आणू नये. त्या काळात चमचाभर अंशही सगळी मेहनत पाण्यात घालू शकतो. डॉक्टरांनी परवानगी दिलीच, तर भोपळा घरी वेगळ्या पातेल्यात उकडावा. त्याला मीठ लागत नाही, तेल लागत नाही आणि वीस मिनिटांत तो होतो.

भोपळा घरी इतका सोपा असताना पैसे मोजून पाकिटे का घ्यायची, असे कोणी विचारील. घरात माणसे तीन, कामाच्या वेळा तीन; उकडलेली भाजी फ्रीजमध्ये आंबते आणि मग कोणीतरी पोळीच्या डब्याकडे वळते. पाकीट समोर असले की तसे होत नाही. आई आता पाने वाढताना भैरूच्या ताटलीत दोन चमचे भोपळा घालते आणि त्यालाही चतकोरच म्हणते.

पुढच्या महिन्यासाठी भोपळा-फरसबीची वीस आणि गाजर-दुधीची आठ पाकिटे सांगितली आहेत, रताळ्याचे एकही नाही, आणि मागणीच्या कागदावर खाली लाल शाईने ‘कोणत्याही सणाला भेट पाठवू नये’ असे लिहिले आहे.