उन्हाळी फुलांच्या रोपांचं किट, परत खरेदीची हमी आणि माझे गेलेले १८,४३९ रुपये

‘घरबसल्या फुलांची रोपं तयार करा, आम्ही ठरलेल्या भावाने परत घेतो’ असं सांगणारं कुणी सोलापुरात, बार्शीत, पंढरपुरात तुमच्याकडे आलं असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. ही परत खरेदीची भानगड नवीन नाही. इमू पक्ष्यांत झाली, कडकनाथ कोंबड्यांत झाली. आधी माल गळ्यात मारायचा आणि घ्यायची वेळ आली की फोन बंद. हे मलाही माहीत होतं. तरी मी फसले. ‘एवढी बाग करणारी तू, तुला कसं कळलं नाही?’ असं जो तो विचारतो तेव्हा अंगाची आग होते, म्हणून सगळं लिहिते.

मी जुळे सोलापुरात राहते, घरी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. गच्चीवर गेली कित्येक वर्षं झेंडू, तेरडा, झिनिया बीपासूनच लावते. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाहेरच्या रस्त्यावर एक माणूस पत्रकं वाटत होता. उन्हाळी फुलांची रोपं हवीत, बंगल्यांची आणि हॉटेलांची कंत्राटं आहेत, बी, ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सगळं आमचं, तुम्ही फक्त वाढवायचं. एका रोपाला ७ रुपये. ९८ खणांचे १० ट्रे म्हणजे ९८० रोपं, म्हणजे एका खेपेला ६,८६० रुपये. उन्हाळ्यात तीन खेपा. शिलाईचं काम जानेवारी-फेब्रुवारीत मंद असतं, मार्चपासून ते जूनपर्यंत मान वर करता येत नाही. तेव्हा हा हिशेब मला पटला. कुणालाही पटला असता.

नोंदणी ४९९ रुपये. किट १२,५०० रुपये. दोन्ही फोनवरून पाठवले. पत्रकावर कंपनीचं नाव आणि पैसे जाताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव. विचारलं तर म्हणाला, ‘ताई, त्या आमच्या अकाउंटंट आहेत.’ स्क्रीनवर दुसरं नाव दिसलं की तिथेच थांबा. पुढचं काही ऐकून घेऊ नका.

किटमध्ये चार पाकिटं होती: पेटुनिया, झिनिया, सदाफुली आणि पोर्टुलाका, म्हणजे आपलं ऑफिस टाइम. ट्रे खरे होते. कोकोपीटची वीट खरी होती. नंतर बाजारात चौकशी केली तेव्हा कळलं की बी सोडून सगळं सामान मिळून हजार रुपयांच्या आत येतं.

आता पेटुनियाबद्दल. पेटुनिया आपल्याकडे थंडीत फुलतं. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात ते झाड मान टाकतं. हे मी त्याला सांगितलं. स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, हे उष्णता सोसणारं हायब्रीड आहे, आणि रोपं इथे नाही, बंगळूरला जाणार आहेत. मग मी म्हटलं, पेटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजारोंनी दाणे असतात, आणि या पाकिटात तर मोहरीएवढे गुलाबी दाणे दिसतायत. त्यावर म्हणाला, ‘ताई, हे पेलेट केलेलं बी आहे. मातीचं आणि रंगाचं कवच चढवलेलं.’

यात खोटं काय होतं? पेटुनियाचं बी खरोखरच कवच चढवून विकतात, कारण उघडं बी बोटाच्या चिमटीत धरता येत नाही. हे मी वाचलेलं होतं. ज्याला बागेतलं काहीच येत नाही तो कदाचित ‘मला कळत नाही, नको’ म्हणून निघून गेला असता. मला कळत होतं म्हणून त्याचं उत्तर मला खरं वाटलं. पोर्टुलाकाच्या पाकिटातही तेच. आत निम्म्याहून जास्त वाळू. बारीक बी वाळूत कालवूनच पेरतात, आम्हीही तसंच करतो. ती निव्वळ वाळू होती. त्या ट्रेमध्ये एक कोंब आला नाही.

पण मला रात्री झोप लागू देत नाही ती गोष्ट ही. पाच ट्रेमध्ये ते गुलाबी दाणे टाकले, वरून फवारा मारला, आणि खाली जाऊन दहा-पंधरा मिनिटांनी परत वर आले. प्रत्येक दाण्याभोवती करडी, बुळबुळीत जेली फुगली होती. मी ती बोटाने दाबून बघितली. मला वाटलं कवच मऊ पडलं. पेलेटचं कवच मातीचं असतं, ते ओलं झालं की तडकतं, विरघळतं, त्याची जेली होत नाही. आणि अशी जेली धरणारं बी मी दर उन्हाळ्यात माझ्या हाताने भिजवते, सरबतात घालते, मुलांना फालुद्यात देते. सब्जा! रंगवलेला सब्जा होता तो. किराणा दुकानात पन्नास-शंभर रुपयांत पिशवी भरून मिळणारा. माझ्या बोटाला तो स्पर्श ओळखीचा होता आणि तरी डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात पेटुनिया बसलेला होता आणि १२,५०० रुपये बसलेले होते.

सब्जाला ऊन आवडतं. आठवड्यात पाचही ट्रे हिरवेगार. पत्रकात लिहिलं होतं की तीस दिवसांत रोप तयार, आणि वाढ त्याच वेगाने होत होती, त्यामुळे पत्रक खरं वाटत गेलं. पेटुनिया बीपासून फुलावर यायला अडीच-तीन महिने घेतो. पानांना वास येत होता, पण आमच्या गच्चीच्या त्या कोपऱ्यात तुळशीच्या दोन कुंड्या आहेत, वास तिथलाच वाटला. झिनिया दोन ट्रेमध्ये मिळून अकरा रोपं आली, बी जुनं असणार. सदाफुली उगवलीच नाही. तिला अंधार लागतो, मीच नीट झाकलं नसेल असं त्याने फोनवर मला ऐकवलं. मी झाकलं होतं.

पाण्याचं काय, ते सोलापूरकराला सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, बोअरचं पाणी खारट, कोवळ्या रोपांना चालत नाही. प्यायच्या पाण्यातलं पाणी मी त्या ट्रेना घातलं. सावलीसाठी शेडनेट घेतलं, १,२४० रुपये.

हिरव्या ट्रेंचे फोटो पाठवले तर त्याने लगेच १,५०० रुपये ‘आगाऊ’ म्हणून पाठवले. बघा, हा त्यांचा हुकमी डाव. खात्यात पैसे आले की शंका मरते. पुढच्याच आठवड्यात रोपांच्या दर्जाच्या प्रमाणपत्रासाठी ३,२०० मागितले, आणि गाडीची अनामत, परत मिळणारी, २,५००. १,५०० देऊन ५,७०० काढून घेतले. तुम्हाला ज्याने पैसे द्यायचेत तो तुमच्याकडेच पैसे मागायला लागला की फोन ठेवा.

गाडी आली नाही. फोन आधी उचलेना, मग बंद. मी एक ट्रे रिक्षात घालून एका नर्सरीत नेला, निदान तिथे तरी विकली जातील म्हणून. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने एक पान चुरगाळलं, नाकाशी धरलं आणि म्हणाला, ‘मावशी, हा सब्जा आहे. पेटुनियाचं पान चिकट लागतं हाताला.’ चार गिऱ्हाइकं उभी होती. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

माझे ४९९, १२,५००, ३,२००, २,५०० आणि शेडनेटचे १,२४० मिळून १९,९३९. त्यातले त्याचे १,५०० वजा केले की १८,४३९. आमच्या बचत गटातल्या एका अक्कांनी माझे हिरवे ट्रे बघून तसंच किट घेतलं, त्यांचे १२,९९९ गेले. त्या विड्या वळतात. विड्या वळून तेवढे पैसे साठवायला किती महिने लागतात ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलिसांकडे गेले. पहिला प्रश्न, ‘पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले ना?’ हो. ‘माल मिळाला ना?’ हो, पण खोटा. ‘मग हा व्यवहार दिवाणी आहे, कोर्टात जा.’ अर्ज घेईनात. तिथून म्हणाले सायबरवाल्यांकडे जा. तिथे म्हणाले, माणूस प्रत्यक्ष भेटला, पत्रक हातात दिलं, हे ऑनलाइन प्रकरण नाही, परत ठाण्यात जा. ठाण्यात दुसरे साहेब, पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. एकाने तर हसत विचारलं, ‘सब्जा आहे तर सरबत करा की.’ माझ्या वयाच्या बाईशी सरकारी खुर्चीत बसून असं बोलतात. बँकेत म्हणाले, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, आम्ही काही करू शकत नाही.

मग शेतीखात्याच्या एका कार्यालयात गेले, बियाण्यांची फसवणूक म्हणून. तिथले गृहस्थ म्हणाले, फुलांचं बी आमच्याकडे येत नाही. मला वाटलं टोलवतायत. भाचा वकिलीचं शिकतो, त्याने १९६६ चा बियाणे कायदा काढून दाखवला. बियाणं म्हणजे काय याच्या व्याख्येत अन्नधान्य, तेलबिया, फळं, भाजीपाला, कापूस, वैरण, ताग आहे. फूल नाही. म्हणजे वांग्याचं बी खोटं निघालं तर कायदा आहे आणि पेटुनियाच्या नावाखाली सब्जा विकला तर त्या कायद्यात मला जागाच नाही. त्या किटवाल्याला हे माहीत असणार. म्हणून त्याने फुलं निवडली, असं माझं ठाम मत आहे.

पण ‘दिवाणी’ म्हणणाऱ्या साहेबांनी स्वतःचं पुस्तक उघडलं नव्हतं. भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या फौजदारी कायद्याच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची उदाहरणंच दिलेली आहेत आणि त्यातलं एक आहे खोटा नमुना दाखवून माल विकण्याचं. त्या कलमाची प्रत लावून अर्ज नेला तेव्हा कुठे घेतला आणि शिक्का मारून पोच दिली. तोंडी परत पाठवलं तर परत येऊ नका, पोच मागा. नाहीच घेतला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाच्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली वरिष्ठांकडे लेखी टपालाने पाठवता येतो. पैसे गेले की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, मी केला तेव्हा आठवडे उलटून गेले होते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिथे समोरचा म्हणेल की बाईंनी धंद्यासाठी घेतलं, त्या ग्राहक नाहीत. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेलं असेल तर ग्राहकच धरतात, तसं अर्जात लिहा. मी लिहिलंय.

बी घेताना पाकिटावर लॉट नंबर, तपासणीची तारीख आणि उगवणीची टक्केवारी नसेल तर ते पाकीट विकत घेऊ नका, कितीही गुळगुळीत छापलेलं असो. माझ्या पाकिटांवर फुलाचा फोटो आणि नाव, बाकी कोरं. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवून बघा आणि मगच पुढचे पैसे. बारीक बी असेल तर भिंगाखाली वाळू आणि बी वेगळं दिसतं. पत्रकात पेटुनियावर अर्धा इंच कोकोपीट टाका असं लिहिलं होतं. पेटुनियाला उगवायला उजेड लागतो, वर काहीच टाकायचं नसतं. असली पत्रकं लिहिणाऱ्याला बागेतलं किती येतं ते अशा ओळींवरून तपासा.

मागच्या आठवड्यात अक्कांच्या नणंदेने अक्कलकोट रोडवरून एक पत्रक आणून दिलं. कंपनीचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, मजकूर शब्दाला शब्द तोच, किंमत आता १३,९९९ आणि वर ‘पावसाळी फुलांचं खास किट’. ते पत्रकही मी अर्जाला जोडलं आहे. तुमच्याकडे असं पत्रक किंवा त्या गुलाबी दाण्यांचं पाकीट आलं असेल तर फेकू नका, पैसे पाठवल्याच्या पावतीसह तुमच्या ठाण्यात अर्ज द्या. एकट्या बाईचा अर्ज दिवाणी ठरवता येतो, दहा-वीस जणांचे अर्ज आले तर त्यांना तसं म्हणता येणार नाही. आणि तो माणूस समोर असेल तर वाटीभर पाणी आणा, त्याचे चार दाणे त्याच्यासमोर त्यात टाका आणि पंधरा मिनिटं त्याला बसवून ठेवा.