आयव्हीएफच्या काळात घेतलेलं काउन्सेलिंग : माझा अनुभव

चार दिवसांनी माझी बीटा एचसीजीची, म्हणजे गर्भ राहिलाय का ते बघायची ब्लड टेस्ट आहे. रिव्ह्यू मुद्दाम त्याच्या आधी लिहितेय, कारण रिझल्ट काहीही आला तरी मग लिहिताना त्याचाच रंग चढणार आणि मला या सेवेबद्दल लिहायचंय, माझ्या नशिबाबद्दल नाही.

ही माझी आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची) दुसरी सायकल, म्हणजे दुसरी फेरी. पहिली कुठल्याही आधाराशिवाय केली, या वेळी क्लिनिकशी काहीही संबंध नसलेली एक काउन्सेलिंग सेवा घेतली. आठवड्यातून एक सेशन, महिन्यातून दोनदा ग्रुप मीटिंग आणि इंजेक्शनच्या दिवसांत मेसेजवर शंका विचारायला एक नर्स, एवढं मिळतं.

पहिल्या सेशनला मॅडमनी पॉझिटिव्ह राहा वगैरे काही म्हटलं नाही. कागद घेतला आणि येणारा महिना त्यावर मांडला. दहा-बारा दिवस इंजेक्शन, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, मग ट्रिगर, म्हणजे एग पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण 36 तासांनी एग पिकअप, म्हणजे स्त्रीबीजं बाहेर काढणं, आणि मग पाच दिवस फक्त लॅबच्या फोनची वाट बघायची. त्या पाच दिवसांबद्दल त्या सगळ्यात जास्त वेळ बोलल्या, आकडा प्रत्येक टप्प्यावर खाली येणार म्हणाल्या, सगळी एग मॅच्युअर नसतात, मॅच्युअर असलेली सगळी फर्टिलाइज होत नाहीत, आणि झालेल्यातली साधारण निम्मी किंवा त्याहून कमीच पाचव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे गर्भाशयात सोडता येईल अशा गर्भापर्यंत पोचतात. पहिल्या सायकलला हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. 14 एग मिळाली म्हणून आम्ही खूश, आणि पाचव्या दिवशी फोन आला की दोन राहिलेत, तेव्हा मला वाटलं लॅबमध्ये काहीतरी बिघडलं किंवा माझ्यातच काहीतरी बिघडलंय, दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. या वेळी 11 मिळाली आणि तीन राहिली. वाईट वाटलंच, पण हे असंच होतं हे आधी माहीत होतं त्यामुळे हादरले नाही. सेवेचे पैसे माझ्यासाठी इथेच वसूल झाले.

दुसरी गोष्ट टेन्शनची. पहिली सायकल फेल गेल्यावर जो भेटेल तो म्हणायचा की तू टेन्शन घेतलंस म्हणून राहिलं नाही, आणि वर्षभर मी ते खरं मानत होते, गर्भ आत सोडल्यानंतरच्या त्या पंधरा दिवसांत कधी रडले, कधी चिडले ते आठवून आठवून हिशोब करायचे. मॅडमनी 2011 सालचा एक अभ्यास समजावून सांगितला, 14 संशोधनांमधल्या साडेतीन हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून बघितलेला, त्यात उपचाराआधीच्या मानसिक ताणाचा आणि त्या सायकलला गर्भ राहण्या न राहण्याचा संबंध दिसला नाही. मी त्या दिवशी सेशनभर रडले. कुणी ‘तुझी चूक नव्हती’ असं नुसतं म्हटलं असतं तर पटलं नसतं, कारण सांगितलं म्हणून पटलं. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यावर, झोपून राहायचंही तसंच, त्याने फायदा होत नाही. पहिल्या वेळी मी तीन दिवस कुशीसुद्धा बदलायला घाबरत होते, या वेळी दुसऱ्याच दिवशी कामावर गेले.

नर्सताई नेमकं सांगतात. ट्रिगरमध्ये बहुतेकदा एचसीजी, म्हणजे टेस्ट जे हार्मोन शोधते तेच, असतं त्यामुळे घाईने घरी टेस्ट केली तर खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या औषधामुळे छाती दुखणं, पोट फुगणं हे गर्भ असो नसो होतंच, तेव्हा लक्षणं मोजत बसू नका. आणि वजन झपाट्याने वाढलं, धाप लागली, लघवी कमी झाली तर आम्हाला मेसेज करत बसायचं नाही, थेट क्लिनिकला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी बजावलं. आपलं काम कुठे संपतं हे त्यांना कळतं, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

नवऱ्याचं एक सेशन वेगळं झालं. आमच्यात प्रॉब्लेम त्याच्याही रिपोर्टमध्ये आहे, जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा सोबतीने असतंच, तरी क्लिनिकमध्ये सगळे माझ्याशीच बोलायचे. मला रोज इंजेक्शन तोच द्यायचा आणि हात थरथरू नये म्हणून आधी पाच मिनिटं बाथरूममध्ये जाऊन उभा राहायचा, हे मला त्या सेशननंतर कळलं.

तक्रारी आहेतच. मेसेजची सोय रविवारी बंद असते, पण इंजेक्शनं रविवारीही असतात, माझं इंजेक्शनचं पेन अडकलं तो रविवारच होता. ग्रुपमध्ये गर्भ राहिलेल्या आणि नुकतीच सायकल फेल गेलेल्या बायका एकत्रच बसवतात, हे मला अजिबात पटलं नाही, एक जण मधूनच उठून गेली आणि परत आली नाही. दोन वेगळे ग्रुप करा, मी तसं कळवलंय. आणि 45 मिनिटं झाली की सेशन तिथल्या तिथे थांबतं, भले तुम्ही वाक्याच्या मधे असा.

कोणी घ्यावं विचाराल तर इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी घ्या, फेल झाल्यावर शोधत बसू नका. किती सायकलनंतर थांबायचं हेसुद्धा तिथेच डोकं शांत असताना बोलून घ्या, आम्ही तीन ठरवल्यात.

मागच्या सेशनला मॅडमनी टेस्टच्या दिवसाचं लिहून घ्यायला लावलं. रिपोर्टचा फोन नवरा घेणार, मी शेजारी बसणार, संध्याकाळपर्यंत कुणालाही सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं सेशन आत्ताच बुक करून ठेवलंय, रिझल्ट काहीही आला तरी.